टाचेच्या थेंबाची साक्ष

दुपारची भांडी आवरून, कुणी निवडायला घेऊन, कुणी शिवणाच्या मशीनवर बसून रेडिओ लावला असेल. हात चालू द्या, कान इकडे द्या. आज मी तुम्हाला एका थेंबाची गोष्ट सांगणार आहे. तान्ह्या बाळाच्या टाचेतून निघालेला रक्ताचा थेंब, जाड कागदावर टिपलेला, सावलीत वाळवलेला. त्या वाळलेल्या थेंबाने जगातल्या कितीतरी आयांच्या डोक्यावरचा आळ उतरवला. पण तिथवर पोचायला ऐंशी-नव्वद वर्षं लागली.

ही गोष्ट सांगावीशी वाटली ती एका बैठकीमुळे. बचत गटाचे हप्ते गोळा करून झाले, चहा झाला, आणि एक जण हळूच म्हणाली, "ताई, माझी पोरगी चार वर्षांची झाली. तिला ऐकू येत नाही. सासूबाई म्हणतात, पोटात असताना तू ग्रहण पाळलं नाहीस. खरंच तसं असेल का हो?" बैठक गप्प झाली. कारण हा प्रश्न एकटीचा नव्हता. मूल आंधळं, बहिरं, मंद निपजलं की बोट आईकडे वळतं. तिने काय खाल्लं, काय कापलं, कुठे गेली, कुणाची नजर लागली. खरं कारण कुणी शोधत नाही, कारण आळ घ्यायला आई आयतीच समोर असते.

तर ऐका. पहिली आई नॉर्वे देशातली, बोर्गनी एगेलँड नावाची. तिला दोन मुलं, एक मुलगी, एक मुलगा. दोघंही जन्मली तेव्हा छान होती, पण पुढे बोलायला, चालायला, समजायला मागे पडत गेली. आणि तिच्या लक्षात एक गोष्ट आली होती, मुलांच्या अंगाला आणि लघवीला वेगळाच कोंदट वास येतो. ती डॉक्टरांकडे फिरत राहिली, वासाचं सांगत राहिली. त्यात काय एवढं, असंच तिला ऐकावं लागलं. शेवटी १९३४ साली ओस्लो शहरातल्या आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी तिचं म्हणणं मनावर घेतलं. ते रसायनशास्त्रही शिकलेले होते. त्यांनी मुलांच्या लघवीत एक रसायन टाकलं, आणि लघवी हिरवी झाली. अशी ती होत नसते. मग महिनोन्‌महिने तपासून त्यांनी शोधून काढलं, की काही मुलांच्या शरीराला अन्नातल्या प्रथिनांचा एक घटक पचवता येत नाही. तो रक्तात साठतो आणि मेंदूला इजा करतो. या आजाराला पुढे फिनाइलकिटोन्यूरिया म्हणू लागले. आपण सोयीसाठी पीकेयू म्हणू. एगेलँडबाईंच्या मुलांसाठी फार उशीर झाला होता. पण आईच्या नाकाने टिपलेली गोष्ट खरी निघाली.

पुढे १९५०च्या सुमारास इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात अशाच एका आईने डॉक्टरांचा पिच्छा पुरवला. नुसतं निदान करून थांबू नका, माझ्या मुलीसाठी काहीतरी करा, म्हणून ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहायची. डॉक्टरांनी तो घटक काढून टाकलेलं अन्न तयार केलं, आणि पोरीत फरक दिसला. आता उपाय मिळाला. पण तो लागू पडायचा तर जन्मल्या-जन्मल्या सुरू व्हायला हवा. आणि जन्मल्या बाळात तर काहीच दिसत नाही. मग हजारो बाळांतून नेमकं एक ओळखायचं कसं?

इथे अमेरिकेतल्या बफेलो शहरातले रॉबर्ट गथ्री पुढे आले. त्यांचा स्वतःचा एक मुलगा मतिमंद होता, आणि बायकोच्या बहिणीच्या मुलीला पीकेयू निघाला होता, तोही उशिरा, मेंदूला इजा झाल्यावर. गथ्रींनी ठरवलं, तपासणी इतकी स्वस्त आणि सोपी करायची की प्रत्येक बाळाची करता यावी. बाळाच्या शिरेत सुई खुपसून बाटलीभर रक्त काढायला नको. टाचेला बारीक टोचायचं, जाड टिपकागदावर थेंब टिपायचे, वाळवायचे आणि पाकिटात घालून पोस्टाने पाठवून द्यायचे. बर्फ नको, बाटली नको, सांडण्याची भीती नको.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. उन्हाळ्यात आपण सांडगे, कुरडया, पापड का घालतो? ओलं ते नासतं, वाळलेलं टिकतं. पाणी निघून गेलं की नासवणाऱ्या जंतूंचं काम थांबतं. रक्ताचंही तसंच. गथ्री आणि त्यांच्या सहकारी एडा सुसी यांनी ही पद्धत १९६३ साली छापून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी करण्याचा कायदा केला. मग राज्यामागून राज्य, देशामागून देश. त्या कागदाला आजही अनेक ठिकाणी गथ्री कार्ड म्हणतात.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. तपासून झालं तरी कार्डावर थोडं रक्त उरायचं. काही देशांनी ती कार्डं फेकली नाहीत, जपून ठेवली. स्वीडन देश १९७५ पासून ठेवतो आहे. त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं, की या कार्डांना एक दिवस वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे.

तो प्रश्न एका विषाणूचा. १८८१ साली जर्मनीत हुगो रिबर्ट नावाचे डॉक्टर मृत जन्मलेल्या एका बाळाचं मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यात त्यांना फुगून भल्यामोठ्या झालेल्या पेशी दिसल्या. पुढे इतरांनाही तशा दिसल्या. मध्ये गडद बुबुळ आणि भोवती फिकट कडं, म्हणून डॉक्टर त्यांना घुबडाचे डोळे म्हणू लागले. हे कशामुळे होतं ते मात्र कळेना. १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेत तीन ठिकाणी तिघांनी तो विषाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. सेंट लुइसच्या मार्गारेट स्मिथ, बोस्टनचे थॉमस वेलर आणि सरकारी आरोग्य संस्थेतले वॉलेस रो. स्मिथबाई पेशींच्या आजारांच्या तज्ज्ञ होत्या, आणि उंदरातल्या तशाच विषाणूवर त्यांनी आधी काम केलेलं होतं. वेलर यांनी १९६० साली त्याला नाव दिलं, सायटोमेगॅलोव्हायरस. अर्थ साधा, पेशी मोठी करणारा विषाणू. आपण सीएमव्ही म्हणू.

हा विषाणू काही दुर्मीळ नाही. लाळेतून, लघवीतून, अंगावरच्या दुधातून, शरीरसंबंधातून तो पसरतो. आपल्या देशात बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, आणि झाल्याचं कळतही नाही. किरकोळ ताप, नाहीतर तेवढाही नाही. एकदा शिरला की तो जन्मभर शरीरात झोपून राहतो. पण गरोदरपणी तो पहिल्यांदा झाला, किंवा झोपलेला पुन्हा जागा झाला, किंवा त्याचाच दुसरा प्रकार बाहेरून आला, तर वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. अमेरिकेत साधारण दर २०० बाळांमागे एक बाळ हा विषाणू घेऊन जन्मतं. अशा १० बाळांतली जवळजवळ ९ जन्मताना अगदी धडधाकट दिसतात. बहुतेक पुढेही धडधाकटच राहतात. पण विषाणू घेऊन जन्मलेल्या पाचांतल्या एकाला कायमचा काहीतरी त्रास राहतो, आणि त्यात सगळ्यांत जास्त दिसतो तो बहिरेपणा.

आणि हा बहिरेपणा मोठा फसवा. कधी जन्मतःच असतो, कधी सहा महिन्यांनी येतो, कधी दोन-तीन वर्षांनी. बाळ हुंकार देत असतं, हाक मारली की वळत असतं, आणि मग हळूहळू वळायचं थांबतं. घरचे म्हणतात, पडलं असेल, दृष्ट लागली असेल, आईने नीट जपलं नाही.

आईच्या बोलण्यातूनच अशा आजारांचा माग लागतो, याचं आणखी एक उदाहरण सांगते. १९४१ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत नॉर्मन ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. जन्मतःच मोतीबिंदू असलेली बरीच तान्ही बाळं त्यांच्याकडे एकदम यायला लागली. असं सांगतात, की बाहेर बसलेल्या दोन आया आपसांत बोलत होत्या, गरोदरपणी आपल्याला जर्मन गोवर झाला होता म्हणून. ते बोलणं ग्रेग यांच्या कानावर पडलं. त्यांनी बाकीच्या आयांना विचारलं, तर जवळजवळ सगळ्यांचं उत्तर तेच. आज आपल्या मुलांना गोवर-रुबेलाची जी लस देतात, तिच्यामागे त्या बाकावरच्या दोन बायकांचं बोलणं आहे. सीएमव्हीला मात्र अजून अशी लस नाही. आणि सांगण्यासारखा पुरळही नाही, म्हणून आईला बिचारीला सांगायलाच काही नसतं.

मग ओळखायचं कसं? बाळाच्या लघवीत किंवा लाळेत विषाणू शोधायचा. पण त्याला मुदत आहे. जन्मापासून २१ दिवसांच्या आत. त्यानंतर विषाणू सापडला, तरी तो पोटात असतानाच आला की बाहेर आल्यावर आला, हे सांगता येत नाही. कारण बाहेरही तो दुधातून, लाळेतून मिळतोच, आणि पूर्ण दिवसांच्या बाळाला असा मिळालेला काही इजा करत नाही. म्हणून दोन वर्षांचं मूल बहिरं झालेलं लक्षात यायचं तेव्हा दार केव्हाच बंद झालेलं असायचं. कारण कधीच कळायचं नाही.

आणि इथे आठवली ती कपाटातली कार्डं. बाळ दोन-चार दिवसांचं असताना टिपलेला थेंब! त्यात विषाणू सापडला, तर तो पोटातूनच आलेला. दुसरीकडून यायला वेळच कुठे होता?

पण वाळलेल्या थेंबात विषाणू जिवंत नसतो, त्याला वाढवून दाखवता येत नाही. उरतो तो त्याचा डीएनए, म्हणजे त्याची ओळखपट्टी, तीही अगदी थोडी. ही अडचण दूर केली १९८३ साली कॅरी मुलिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने. त्यांनी पीसीआर नावाची पद्धत शोधली. करोनाच्या काळात हे नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. हवा तो डीएनए ओळखायचा आणि तापवून-निववून, तापवून-निववून दुप्पट, चौपट, आठपट करत न्यायचा. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या घरात जातात. विरजणाच्या चमच्यातून पातेलंभर दही व्हावं तसं. कार्डाचं काम असं चालतं: कागद भोकं पाडायच्या यंत्रासारख्या यंत्राने थेंबातून मसुराएवढ्या चकत्या काढतात, द्रावात घालून डीएनए सोडवतात आणि पीसीआरच्या यंत्रात ठेवतात. विषाणूचा डीएनए असेल तर वाढतो, नसेल तर काहीच वाढत नाही.

१९९४ साली जपानच्या शास्त्रज्ञांनी नवजात बाळांच्या वाळलेल्या रक्तात सीएमव्हीचा डीएनए सापडतो, हे छापून सांगितलं. पाठोपाठ इटलीतल्या मिलान शहरात मारिया बार्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत नेटाने पुढे नेली. बहिऱ्या झालेल्या मुलांची जुनी कार्डं काढून तपासली, तेव्हा कारण न कळलेल्या कितीतरी मुलांच्या थेंबात हा विषाणू निघाला. एवढी वर्षं गप्प बसलेला कागद बोलला. त्या घरांतल्या आयांना पहिल्यांदा कळलं, की दोष ग्रहणाचा नव्हता, शापाचा नव्हता, आपला तर नव्हताच.

मग सगळ्यांनाच वाटलं, झालं काम! कार्ड तर प्रत्येक बाळाचं निघतंच, त्याच्यावरच सीएमव्हीही तपासू. पण इतिहास असा सरळ चालत नाही. अमेरिकेत अलाबामा विद्यापीठातले डॉ. सुरेश बोप्पना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० हजारांवर बाळं तपासली आणि २०१० साली निकाल सांगितला. लाळेच्या तपासणीत जी बाळं सापडली, त्यांतली साठ टक्क्यांहून जास्त रक्ताच्या थेंबाने सोडून दिली होती. कारण असं, की बऱ्याच बाळांच्या लाळेत आणि लघवीत विषाणू भरपूर असतो, पण रक्तात फारच कमी. चकतीएवढ्या रक्तात तो येईलच असं नाही. विहिरीत मासे आहेत, पण एका तांब्यात मासा आला नाही, म्हणून विहीर रिकामी म्हणता येत नाही.

लोक निराश झाले, पण काम थांबलं नाही. डीएनए सोडवायच्या पद्धती सुधारल्या. मिनेसोटा राज्यात १२ हजारांवर बाळांवर पुन्हा तपासलं, आणि २०२१ साली निकाल आला की आता रक्ताचा थेंब चारांतली जवळजवळ तीन बाळं पकडतो. लाळ अजूनही सरस, पण थेंबाची सोय मोठी. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २०१९ सालीच थेंबावर तपासणी सुरू केली होती. २०२३च्या फेब्रुवारीत मिनेसोटा हे प्रत्येक बाळाची सीएमव्हीसाठी तपासणी करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य झालं. तिथेही आईबापांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ते झालं.

लवकर कळून होतं काय? विषाणू निघालेल्या बाळाचे कान पुन्हा पुन्हा तपासता येतात. ऐकू येणं कमी झालं की लगेच श्रवणयंत्र, भाषा शिकवणं, खुणांची भाषा सुरू करता येते. बोलायची वर्षं वाया जात नाहीत. ज्या बाळांना जन्मतःच त्रास दिसतो, त्यांना डॉक्टर सहा महिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर नावाचं औषध देऊ शकतात. २०१५ साली छापलेल्या अभ्यासात त्याने ऐकण्यात आणि वाढीत थोडी सुधारणा दिसली. ते जादूचं औषध नाही. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावं लागतं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. तो थेंब कुणाचा? बाळाचा. मग तो आईबापांना न विचारता वर्षानुवर्षं ठेवायचा आणि संशोधनाला वापरायचा हक्क कुणाला? अमेरिकेत टेक्सास राज्यात आईबाप कोर्टात गेले, आणि सरकारला ५० लाखांहून जास्त कार्डं नष्ट करायची तयारी दाखवावी लागली. ते साल होतं २००९. मिनेसोटातही असाच खटला झाला आणि २०१४ मध्ये तिथली दहा लाखांवर कार्डं नष्ट झाली. म्हणजे पुढे ज्या राज्याने सगळ्या बाळांची तपासणी सुरू केली, त्याच राज्याला आधी आयांना विचारायला शिकावं लागलं. हे मला महत्त्वाचं वाटतं. चांगल्या कामासाठी घेतलेलं रक्तसुद्धा विचारूनच घ्यावं.

आपल्याकडे काय आहे? टाचेचा थेंब आपल्याला अगदी परका नाही. गोव्याने २००८ साली सरकारी दवाखान्यांतल्या नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली होती, पीकेयूसारख्या आजारांसाठी. आईला एचआयव्ही असेल तर सहा आठवड्यांच्या बाळाचे थेंब कागदावर घेऊन पीसीआरला पाठवण्याची सोय देशात २०१० पासून आहे. आणि २०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. मुलांच्या ज्या आजारांसाठी तो आहे, त्यांत जन्मजात बहिरेपणाही येतो. सीएमव्हीची तपासणी मात्र आपल्याकडे प्रत्येक बाळाची होत नाही. ती मागावी लागते.

म्हणून चार गोष्टी पदराला बांधून ठेवा. एक, गरोदरपणी लहान मुलांची शी-शू काढल्यावर, शेंबूड-लाळ पुसल्यावर साबणाने हात धुवा, त्यांचं उष्टं खाऊ नका, एका चमच्याने जेवू नका. दोन, बाळ दवाखान्यातून घरी आणण्याआधी त्याची ऐकण्याची तपासणी झाली का ते विचारा. त्यात काही कमी निघालं, तर सीएमव्हीची तपासणी २१ दिवसांच्या आत होऊ शकते का, हेही डॉक्टरांना विचारा. बारशाच्या गडबडीत ते दिवस निसटू देऊ नका. तीन, या भीतीने अंगावरचं दूध तोडू नका. बाळ फार कमी दिवसांचं किंवा फार कमी वजनाचं असेल तेवढं डॉक्टरांना विचारा. आणि चार, बाळ आधी वळायचं आणि आता वळत नाही असं तुम्हाला वाटलं, तर आशाताईंना सांगा, आरोग्य पथकाला सांगा, एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. एगेलँडबाईंना कुणी ऐकत नव्हतं, तरी त्या वासाचं सांगत राहिल्या होत्या.

त्या बैठकीतल्या बाईला मी काय सांगितलं? खरं ते सांगितलं. तुझ्या मुलीचा थेंब कुणी टिपला नव्हता, म्हणून नेमकं कारण आता कुणीच सांगू शकणार नाही. विषाणू असेल, रक्तातून आलेला दोष असेल, आणखी काही असेल. पण ग्रहण नव्हे, हे मी छातीठोक सांगते. चंद्राच्या सावलीने कुणाचे कान जात नाहीत. कारण कळलं नाही म्हणून तू गुन्हेगार होत नाहीस. ती ऐकत होती, डोळ्यांना पदर लावत होती. मग गटातल्या दोघीजणी म्हणाल्या, सोमवारी आम्ही येतो तुझ्याबरोबर जिल्ह्याच्या दवाखान्यात, पोरीचे कान तपासायला. आणि तिच्या शेजारी बसलेली एक म्हातारी, तीही कुणाची तरी सासूच, म्हणाली, "चल, आधी तुझ्या घरी जाऊ. तुझ्या सासूशी मी बोलते."

मैत्रिणींनो, आज एवढंच. ज्यांच्या घरी पोटूशी लेक-सून आहे, त्यांना ही गोष्ट आठवणीने सांगा.